मानाचा लेअर

"एकदा धड काढलं की काम संपलं," मिहिर म्हणाला आणि खुर्ची मागे झुकवून त्याने पाय लांब केले.

पिंपरी कॅम्पात एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि बंद पडलेला एसी. मिहिर चित्रं काढायचा आणि तनुजा ती हलवायची. काढणारा मोठा की हलवणारी मोठी, यावर त्यांचं रोज दुपारच्या चहाला भांडण व्हायचं.

आत्ताचं काम आलं होतं चाकणच्या पलीकडच्या एका गावातून. गावची यात्रा होती. दरवर्षी वेशीवर फ्लेक्स लागायचा. यंदा यात्रा कमिटीचे अध्यक्ष सयाजीराव यांनी ठरवलं की फ्लेक्स हलला पाहिजे. मोठ्या एलईडी पडद्यावर गावचे मान्यवर एकेक करून येणार, हात जोडणार, पापण्या मिटणार आणि पुढच्याला जागा देणार.

"डोकं वेगळ्या लेअरवर हवं," तनुजाने बजावलं होतं. "पापण्या वेगळ्या, दोन्ही हात वेगळे, फेटा वेगळा. सगळं एकात चिकटवून दिलंस तर मी हलवायचं काय?"

मिहिरने सगळं वेगळं केलं, काचेवर काच ठेवावी तसे एकावर एक लेअर रचले. फक्त धड मात्र सगळ्यांना एकच दिलं. पांढरा नेहरू शर्ट, जोडलेले हात आणि गुलाबी फेटा एकदाच काढायचा आणि वर डोकी बदलत जायची. याला तो कार्यक्षमता म्हणत होता. तनुजाच्या मते हा आळस होता, पण आळसाला चांगलं नाव मिळालं की तो खपतो.

"आणि क्रम?" तिने विचारलं.

"मानाप्रमाणे. सगळ्यात वर सयाजीराव, सगळ्यात खाली रणजीत."

हा रणजीत म्हणजे सयाजीरावांचा चुलतभाऊ. सरपंचपदाला तो त्यांच्याच विरोधात उभा राहिला होता. यात्रेत भांडण नको म्हणून त्याचा फोटो अगदी नाइलाजाने आला होता.

तनुजाने एका झटक्यात सगळे लेअर एकामागून एक पडद्यावर येतील असे ओळीने लावले आणि ती घरी निघाली. जाताना म्हणाली, "एकदा पूर्ण बघ आणि मगच पाठव." मिहिरने पाहिलं नाही. नुसतं पाठवून दिलं, कारण त्याला तळेगावला जायचं होतं.

पूर्वी नावाची मुलगी तळेगावात राहत होती आणि तिच्याशी मिहिरचं लग्न ठरत होतं. पूर्वीने होकार दिला होता, घरच्यांनी दिला होता, राहिले होते फक्त तिचे वडील. सदाशिवराव आयुष्यभर कंपनीच्या टूलरूममध्ये होते. ज्या वस्तूला हात लावता येत नाही, ती बनवणाऱ्या माणसाला मुलगी द्यावी का, हा त्यांचा प्रश्न होता आणि आज त्याचं उत्तर ते स्वतः मिहिरकडून ऐकणार होते. मिहिरला मनापासून भीती वाटत होती.

मिहिरसोबत आलेले त्याचे आई-बाबा सोफ्यावर बसले. पोहे आले. सदाशिवरावांनी घसा साफ केला.

"तुम्ही नक्की करता काय?"

मिहिरने तोंड उघडलं आणि फोन वाजला. सयाजीराव होते.

"मिहिरभाऊ, रणज्या पयला कसा आला?"

"शक्यच नाही, भाऊ. तो सगळ्यात खाली आहे."

"खाली हाय म्हंता, आन् सगळ्यांच्या आधी पडद्यावर हात जोडून हुबा. फटाके वाजवले त्याच्या पोरांनी."

मिहिरच्या डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटर इमारतीचे मजले मोजावेत तसा लेअर तळमजल्यापासून मोजत आला होता. त्याने बॅगेतून लॅपटॉप काढला, पोह्यांची बशी सरकवली, सगळा क्रम उलटा केला आणि नवीन व्हिडिओ पाठवला.

"झालं," तो सदाशिवरावांना म्हणाला. "तर मी असं बघा, चित्रं..."

फोन पुन्हा वाजला.

"मी पयला आलो, पर लोकं गाडी लावून येईस्तोवर मी निघून पन गेलो. शेवटाला रणज्या येतो आन् व्हिडिओ त्याच्याच तोंडावर थांबून ऱ्हातो. आख्खं गाव त्याच्याकडं बघत कमानीखालनं आत चाललंय. असं कुटं असतं व्हय?"

"भाऊ, तुम्हाला सुरुवातीलाही ठेवतो आणि शेवटीही."

ही मिहिरला स्वतःची फारच चलाख कल्पना वाटली. कॉपी केलं, पेस्ट केलं, पाठवलं. पूर्वीने त्याच्यासमोर गार झालेल्या पोह्यांच्या जागी गरम बशी ठेवली आणि बापाकडे न बघता आत गेली.

तिसरा फोन गोजाबाईंचा होता. गोजाबाई माजी सरपंच. मिहिरला एकदम आठवलं की त्यांनाही त्याने तेच धड दिलंय.

"आरं बाळा, तू मला नेहरू शर्ट घातलास."

"चुकलं, काकू. लगेच साडी नेसवतो."

"नगं. फेटा ब्येस दिसतोय. आमच्या मालकांपरीस मलाच शोभतोय, समदी म्हंत्यात. त्यो राहू दे. पर सयाजी दोनदा आन् मी एकदाच का? सरपंच मी आदी व्हते."

पाठोपाठ कमिटीतल्या सगळ्यांना आपण एकदाच आलो हे कळलं. फोन थांबेचना. मिहिरचे बाबा छताच्या पंख्याकडे बघत बसले. आईने भेटीदाखल आणलेला पेढ्यांचा पुडा न देता पुन्हा पिशवीत टाकला. लग्न मोडलं तर निदान पेढे तरी वाचतील, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मिहिरला रडायलाच यायचं बाकी होतं.

"फोन स्पीकरवर टाका," सदाशिवराव इतक्या वेळाने पुन्हा बोलले आणि खुर्ची ओढून लॅपटॉपजवळ बसले.

मिहिरने सयाजीरावांना स्पीकरवर घेतलं. "भाऊ, ऐका. सगळे एकदमच आणतो. एका रांगेत. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. मधोमध तुम्ही."

पलीकडे कमिटी कुजबुजली. मग सयाजीराव म्हणाले, "चालंल. पर धाडा बघू."

त्याने पाठवलं. बराच वेळ काहीच आलं नाही. सदाशिवरावही फोनकडे वाकून बसले. मग फोन आला.

"मिहिरभाऊ, समदं झ्याक हाय. फकस्त येक. रणज्या माज्याएवढाच उंच कसा?"

धड एकच होतं ना! मान्यवर सगळे एका मापाचे, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे. आता एकेकाचं धड बदलायचं तर यात्रा संपून पुढची आली असती. मिहिर स्क्रीनकडे बघत राहिला. आणि तनुजाने भांडून भांडून वेगळा ठेवायला लावलेला फेटा त्याला दिसला.

"भाऊ, तुमचा फेटा थोडा उंच करू?"

"किती?"

"तुम्ही सांगाल तितका."

मिहिरने सयाजीरावांच्या फेट्याचा लेअर पकडून वर ओढला. तुरा पडद्याच्या कडेला टेकला. रणजीत खाली, छोटासा, नम्र दिसू लागला. धड, हात, पापण्या काही हललं नाही. वाढला तो फक्त मान.

"आता कसं," सयाजीराव म्हणाले, आणि फोन बंद झाला.

मिहिरने लॅपटॉप मिटला. नक्की करता काय या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या घराने ऐकलं होतं आणि ते ऐकून कुठल्या बापाने मुलगी दिली असती?

सदाशिवराव उठले. त्यांनी दार लावून घेतलं, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मग मिहिरच्या अगदी जवळ येऊन बसले.

"आमच्या थोरलीच्या लग्नाच्या पत्रिकेत," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या धाकट्या चुलत्यांचं नाव बायकोच्या मोठ्या मामांच्या वर छापलं गेलं. ती दोन घरं अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत. तेव्हापासून मला पूर्वीची पत्रिका कशी छापायची याची धास्ती होती. मी इंजिनिअर जावई शोधत होतो, पण इंजिनिअरला हे जमत नाही हो."

मिहिरच्या आईचा हात आपोआप पिशवीतल्या पुड्याकडे गेला.

"म्हणजे तुमचा होकार?" मिहिरने विचारलं.

"होकार म्हणजे काय! आजपासून पत्रिका तुमच्याकडे. निमंत्रक, आशीर्वाद, व्यवस्थापक, सगळे मामा, सगळे चुलते, कुणी रुसता कामा नये. आधी त्यांना बसवा." सदाशिवरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नवऱ्या मुलाचं नाव मग बघू. कागदावर जागा उरली तर."