नंदाकाकू आणि कोपरातली शीर

आमच्या शेजारच्या नंदाकाकू माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. कोपराच्या आतल्या बाजूकडे बघून बोलतात. लिफ्टमध्ये "कसे आहात?" विचारतानाच त्यांची नजर आपल्या बाहीखाली उतरते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात सोसायटीतल्या बायकांनी त्यांना अत्तर लावायचं काम दिलं, तर मनगटावरचं बोट सरकत सरकत प्रत्येकीच्या कोपरापर्यंत गेलं. "बिल्कुल ठसठशीत शीर आहे हो तुझी!" असं प्रशस्तिपत्रक घेऊन माझी बायको घरी आली.

काकूंचा सगळा जन्म दिल्लीतल्या एका मंत्रालयात फायली पुढे सरकवण्यात गेला. काका वारले, मुलगा सिंगापूरला. निवृत्तीनंतर कोणी भजनी मंडळात जातं. काकूंनी इथेच, गुरुग्राममध्ये फ्लेबॉटॉमीचा, म्हणजे तपासणीसाठी शिरेतून रक्त काढण्याचा कोर्स लावला. वर्गातली बाकीची मुलं नातवंडांच्या वयाची. मुलगा फोनवर म्हणाला, "मम्मी, यार, आराम करो." उत्तर मिळालं, "आराम अंडर कन्सिडरेशन आहे. सर्टिफिकेट आधी."

रक्ताच्या नळ्या कोणत्या क्रमाने भरायच्या हे त्यांच्या झाकणांच्या रंगांवरून ठरतं. तो क्रम पाठ व्हावा म्हणून काकूंनी स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं बदलली. निळं, लाल, हिरवं, जांभळं. त्या आठवड्यात आमच्याकडे आलेल्या आमटीत मिठाऐवजी पिठीसाखर होती. आम्ही ती मुकाट्याने खाल्ली, कारण काकूंचा अभ्यास चालू होता.

लेखी पेपर त्यांनी लीलया सोडवला. प्रात्यक्षिकाला समोर एक तरुण हात पुढे करून बसला होता. काकूंनी नियमाप्रमाणे नाव-वय विचारलं, दंडाला रबरी पट्टा आवळला, शीर शोधली. आता सुई टोचायची. पण समोर माणूस बसलाय आणि तो मूळचा कुठला हे ठाऊक नाही, ही अवस्था मराठी माणसाला सोसत नाही.

"बेटा, मूलतः कहाँ के हो?"

"पानिपत, आंटीजी."

झालं! काकूंनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि मराठी फौज दक्षिणेतून निघाली तिथपासून सुरुवात केली. पट्टा मिनिटाच्या आत सोडावा लागतो. फौज यमुनेपाशी पोचली तेव्हा त्या बिचाऱ्याची बोटं निळी पडली होती. परीक्षकांनी स्वतः उठून पट्टा सोडला आणि काकूंना नापास केलं. यावर करण्यासारखा विनोद सोसायटीत प्रत्येकाने करून झालाय, म्हणून मी करत नाही.

काकू खचल्या नाहीत. "रिमार्क्स नोट केले," एवढंच म्हणाल्या. मग रोज संध्याकाळी पट्टा घेऊन आमच्याकडे, गप्प बसण्याच्या सरावाला. सुई नाही, नुसता पट्टा. मी हात टेबलावर ठेवायचो आणि मुद्दाम पुटपुटायचो, "आमचे आजोबा मूळचे वाईचे." वाई म्हणजे काकूंचं आजोळ! त्यांचे ओठ थरथरायचे, कपाळावर घाम यायचा. पण पट्टा सुटेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. सुटल्यावर मात्र वाईचे सगळे घाट पायऱ्यांसकट ऐकावे लागत.

दुसऱ्या खेपेला काकू पास झाल्या. पेढे घेऊन आल्या, तेव्हा एका लॅबने आमच्याच टॉवरांमधलं सकाळचं घरोघरी रक्त घ्यायचं काम त्यांना दिलंही होतं.

"काकू, पेन्शन आहे, मुलगा आहे. मग एवढा आटापिटा कशाला?" मी विचारलं.

"पेन्शन येते, रविवारी फोन येतो," काकू म्हणाल्या. "पण हे गेल्यापासून सकाळी माझी वाट बघणारं कोणी नाही. एखाद्या दिवशी उठलेच नाही, तर कुणाला कळायचंसुद्धा नाही. अनशापोटी रक्त द्यायचं असलं ना, की माणूस चहासाठी तळमळत दाराकडे डोळे लावून बसतो. मला अशी पाच-सहा दारं हवी होती, बस."

मला एकदम भरून आलं. मी दुसरा पेढा उचलला.

मला मधुमेह नाही, तपासायचं काही कारणही नाही. तरी काकूंच्या पहिल्या सकाळसाठी मी साखरेच्या तपासणीला नाव दिलं. बायकोने नेहमीचा चहा पुढे केला, तो नको म्हटलं, आणि दार किलकिलं करून त्यांची वाट बघत बसलो.