काटा काढला, प्रत माहितीसाठी

भिंगसाहेबांच्या प्रत्येक ईमेलखाली त्यांची नऊ ओळींची सही असे. ‘आवक-जावक विभागप्रमुख’ ही नोकरीची ओळ सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात. तिच्या वर ठळक टायपात: ‘खासगी गुप्तहेर. गुन्हेगारांचा कर्दनकाळ. ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, आणि सुटलीच तर तिचा माग काढला जातो.’ या सगळ्याच्या वर मूळ मजकूर बहुधा एवढाच असे: ‘पंखा बंद आहे.’

समोरच्या टेबलावर टायपिस्ट बाई बसत. अकरा महिने त्या हंगामी होत्या. कायम करण्याच्या कागदावर उपव्यवस्थापकांची सही व्हायची होती. नाही झाली तर शुक्रवारी संध्याकाळी टेबल रिकामं करायचं होतं. त्यामुळे भिंगसाहेब सांगतील ते बाई निमूटपणे करत. साहेब त्यांना ‘माझ्या सहायक’ म्हणत. तुम्हाला व्हायचंय का, असं बाईंना कुणी विचारलं नव्हतं.

बुधवारी सकाळी एक मेल आला. गोदामवाल्यांनी व्यवस्थापकांना लिहिलेला, प्रत अख्ख्या ऑफिसला, कारण तिथे कुणी शिंकलं तरी प्रत सगळ्यांना जाई.

‘साहेब, सांगितल्याप्रमाणे काटा काढला. वर्षभर सगळ्यांना फसवत होता. वजनदार असल्यामुळे दोघं लागले. मागच्या दाराने नेला. नवा सोमवारी येतोय.’

भिंगसाहेबांनी तो तीनदा वाचला आणि चष्मा पुसून चौथ्यांदा.

“बाई, खून.”

“कुणाचा हो?”

“आपल्याकडे वजनदार माणूस कोण?”

“उपव्यवस्थापक. पण...”

“आणि त्यांची खुर्ची?”

खुर्ची सोमवारपासून रिकामी होती. बाईंना आधी आठवली ती सही, मग स्वतःचीच लाज वाटली.

भिंगसाहेबांना प्रथम विषप्रयोगाचा संशय आला. मग विष पाजायला दोघं कशाला, म्हणून उशी. ऑफिसात उशी नाही, म्हणून फायलींचा गठ्ठा. माणूस फायलींखाली दडपला जाणं तिथे नवीन नव्हतं, हा मुद्दा त्यांनी वहीत अधोरेखित केला.

“आता खुद्द मयताची जबानी घेऊ,” ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या मेलपेटीतून त्या दिवशी मेल जाईना; पुरावा म्हणून ते एकही मेल पुसत नसत, त्यामुळे ती तुडुंब भरली होती. तेव्हा बाईंच्या खुर्चीत बसून, बाईंच्याच नावाने त्यांनी लिहिलं: ‘आपण जिवंत आहात काय? उलट टपाली कळवावे.’ ते वही आणायला उठले तेवढ्यात बाईंनी खाली ‘काळजी वाटते’ असं जोडलं आणि मेल पाठवून दिला.

उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. ‘मी सध्या उपलब्ध नाही. तातडीच्या कामासाठी गोदामवाल्यांशी संपर्क साधावा.’

“बघा,” भिंगसाहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. “मेलेला माणूस मारेकऱ्याकडे बोट दाखवतोय.”

“साहेब, ते आपोआप जाणारं उत्तर असतं.”

“आत्मा आपोआपच बोलतो, बाई.”

आणि बाई ‘नको, नको’ म्हणेपर्यंत त्यांनी बाईंच्या नावाने सगळ्यांना मेल ठोकून दिला: ‘कार्यालयात खून झाला आहे. कोणीही इमारत सोडू नये.’

दहा मिनिटांत सव्वीस उत्तरं आली. ‘नोंद घेतली.’ ‘योग्य त्या विभागाकडे पाठवले.’ ‘अभिनंदन, पार्टी कधी?’ एकाने हे विहित नमुन्यात का नाही म्हणून खुलासा मागितला. मग जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे इमारत सोडून गेले.

चहाच्या मावशी कप गोळा करायला आल्या. त्यांना मेल नव्हता, त्यामुळे ऑफिसात काय चाललंय ते फक्त त्यांनाच ठाऊक असे.

“मावशी,” भिंगसाहेब कुजबुजले, “गोदामवाल्यांनी काटा काढला.”

“काढतील नाहीतर काय. दोन किलो जास्त दाखवायचा मेला.”

“मेला ना? मी म्हणत होतो.”

“मेला कुठला, भंगारात गेला. पार्सलं तोलायचा काटा हो.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“विचारलं की. गोदाम काय, या भिंतीपलीकडेच आहे.”

“आणि उपव्यवस्थापक?”

“दाढा काढल्यात त्यांनी. मला सांगून गेले सोमवारी. तुम्ही कुणी विचारलंच नाही.”

“मागच्या दाराने नेला, हे मात्र मी बरोबर ओळखलं,” असं म्हणून भिंगसाहेबांनी वही मिटली.

शुक्रवारी उपव्यवस्थापक गालाला रुमाल बांधून आले आणि त्यांनी बाईंना आत बोलावलं. टेबलावर दोन्ही मेल छापून ठेवलेले.

“हे तुमचे?”

भिंगसाहेबांचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. “माझ्या नावाने गेलेत, साहेब,” बाई म्हणाल्या.

“पाच दिवसांत दोनशे बारा मेल आले मला.” सुजलेल्या तोंडाने ते सावकाश बोलत होते. “प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. घरी मी एकटाच. जिवंत आहात का, काळजी वाटते, एवढं तुम्हीच लिहिलंत.” त्यांनी खुनाचा कागद उलटा केला आणि कायम करण्याच्या कागदावर सही केली.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले.

“अहो, आभार कसले. भिंगांच्या हाताखाली तीन महिन्यांवर कुणी टिकलेलं नाही, तुम्ही अकरा काढलेत. तेव्हा तुम्हाला तिथेच कायम केलंय. निवृत्तीपर्यंत.”

बाईंचे डोळे पुन्हा भरून आले.