एका दिवसाचा ठाणेदार

वाहतूक सुरक्षा सप्ताहासाठी एका दिवसाचा मानद ठाणेदार म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मिनेगिशीने लग्नातला सूट इस्त्रीला टाकला. चौदा वर्षं तो याच गावच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळला होता. गेल्या वर्षी संघाने त्याला निरोप दिला. तेव्हापासून नूडल्सच्या दुकानातसुद्धा कोणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहत नव्हतं.

रेल्वे स्टेशनासमोरच्या पोलीस चौकीत तो अर्धा तास आधीच पोहोचला. आपण होऊन ओळख द्यायची नाही, लोकांनीच ओळखायचं, असं त्याने घरातून निघतानाच ठरवलं होतं.

हवालदार उदागावांनी मान वर केली. "काय हरवलं?"

"माझं?"

"इथे हरवल्याशिवाय कोण येतंय, साहेब? लवकर आटपा. साडेदहाला कोणी फुटबॉलवाला यायचाय, खुर्ची रिकामी लागेल."

'तो मीच' हे शब्द ओठांवर आले होते. ते गिळून मिनेगिशी म्हणाला, "छत्री. काळी."

उदागावांनी आतून अकरा काळ्या छत्र्या आणून टेबलावर मांडल्या. आता माघार घेणं अवघड होतं. त्याने बांबूच्या मुठीच्या छत्रीवर बोट ठेवलं.

"कुठे विसरलात?"

"बसमध्ये."

"ही तर मासळीबाजारात सापडली."

"आधी बस. मग मासळीबाजार."

उदागावांनी तेही लिहून घेतलं. "नाव?"

तो सावरून बसला. "मिनेगिशी," त्याने सावकाश उच्चारलं. "मिनेगिशी ताकुतो."

"मिने कोणत्या चित्राक्षराने लिहिता?"

त्याने अक्षर काढून दाखवलं. तेवढ्यात दार सरकवून मासळीबाजारातल्या सुगानो आजी आत आल्या.

"माझी छत्री आलीय का रे? बांबूच्या मुठीची." मग त्यांची नजर छत्रीवरून त्याच्या हातावर आणि हातावरून चेहऱ्यावर गेली. "मिनेगिशी ना तू?"

तो उठून कमरेत वाकला. "चुकलो, आजी. छत्री तुमचीच आहे."

"छत्री मरू दे. नऊ वर्षांपूर्वी, वरच्या गटात जायच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला चेंडू मागे का दिलास? आपल्या संघाचा हिरासावा डावीकडे मोकळा उभा होता."

उदागावांनी पेन खाली ठेवलं. "ते तुम्ही?"

"मी गोलच्या मागेच बसले होते," आजी म्हणाल्या. "हिरासावाच्या बुटाची नाडी सुटली होती, ते मला दिसलं. तरी त्यालाच द्यायचा होतास."

ती नाडी आपल्याशिवाय कोणीच पाहिली नाही, असं मिनेगिशी नऊ वर्षं धरून चालला होता. बायकोलाही त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. सबब वाटली असती.

"तुम्हाला दिसली होती?" त्याने विचारलं.

"पांढरी नाडी. चिखलात लोळत होती."

बाहेर गाडी थांबली. मानद ठाणेदाराने खांद्यावरून घालायचा पट्टा घेऊन आलेला अधिकारी दारातून हाका मारू लागला.

"आलोच," मिनेगिशी म्हणाला, आणि आजींसाठी खुर्ची ओढून स्वतः त्यांच्या समोर बसला.