कालामुताचे तीन तास

"यंदा मी समुद्रात उतरणार!" गास्पारेने नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत जाहीर केलं. समोरच्या टेबलावरचा साल्वो एवढा हसला, की त्याच्या हातून एका ठणठणीत माणसाच्या नावापुढे मृत्यूची तारीख पडली.

"सासूबाई येणार आहेत?" साल्वोने विचारलं.

"येणार आहेत."

"मग घोट्यापर्यंत भिजशील!"

संताप आला, पण साल्वोचं चुकत नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या सिसिलीत राहूनही या नऊ उन्हाळ्यांत गास्पारेच्या गुडघ्याला खारं पाणी लागलं नव्हतं. कारण एकच. सासूबाई क्रोचिफिस्सा! खाल्ल्यावर तीन तास पाण्यात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर अन्न पोटात गोठतं आणि माणूस नांगरासारखा तळाला जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यात किनाऱ्यावरच्या प्रत्येक नावाजलेल्या गावात त्यांचा एक तरी नातेवाईक. तो दर अडीच तासांनी काहीतरी खायला घालणारच!

म्हणून यंदा गास्पारेने कालामुता निवडलं. नकाशावर माशी बसली तर अख्खं झाकलं जाईल, असं गाव. तिथे नातेवाईक नाहीत, हे त्याने आडवळणाने तीनदा विचारून घेतलं. पहाटेची बस, पोट रिकामं आणि पोहोचताच बुडी! परतीची एकमेव बस सव्वापाचला होती. वेळच वेळ.

"रिकाम्या पोटी समुद्रात?" बसमध्ये सासूबाईंनी डोळे वटारले. "चक्कर येईल, बाळा."

"पाचला बिस्कीट खाल्लंय, आई!" गास्पारेने थाप मारली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "म्हणजे आठला."

बस पोहोचली आठला दहा कमी असताना. दहा मिनिटं! नऊ वर्षांपुढे दहा मिनिटं म्हणजे काय? गास्पारे पोहायची चड्डी घालून लाटांसमोर उभा राहिला. आठला चार मिनिटं असताना मागच्या सज्जातून किंकाळी आली, "क्रोचिफिस्सा? नन्सच्या शाळेतली क्रोचिफिस्सा?"

ती आगातीना. पन्नास वर्षांपूर्वी सासूबाईंच्या बाकावर बसायची. आगातीना रडली. सासूबाई रडल्या. गास्पारेची बायको ओर्नेल्ला या बाईंना जन्मात प्रथमच पाहत होती, तीही रडली. गास्पारेच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचं कारण निराळं होतं.

सगळ्यांना आगातीनाच्या घरात ओढलं गेलं आणि सव्वाआठला टेबलावर ग्रानिता, म्हणजे बदामाच्या दुधाचा गारेगार बर्फचुरा आला आणि त्यात बुडवायला गुबगुबीत ब्रियोश पाव.

"मला नको," गास्पारे म्हणाला.

आगातीनाने भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढून त्याच्यासमोर ठेवला. "हे गेल्यापासून या टेबलावर पुरुषमाणूस जेवला नाही रे बाबा."

फोटोतल्या माणसाच्या मिशा अपेक्षेने थरथरल्यासारख्या वाटल्या. गास्पारेने खाल्लं.

"साडेअकरा," सासूबाई म्हणाल्या.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आगातीना तळलेले छोटे मासे घेऊन किनाऱ्यावर आली. या वेळी गास्पारे बधणार नव्हता. "नको!" म्हणायला त्याने तोंड उघडलं. तेवढं आगातीनाला पुरलं. मासा आत!

"एकच होता!" तो ओरडला. "एवढासा!"

"तळलेला होता," सासूबाई म्हणाल्या. "दोन वाजून वीस."

"आई, चौदा वर्षं या तालुक्यातले मृत्यू मी स्वतःच्या हाताने लिहितोय! जेवून पोहल्याने मेलेला एकसुद्धा माणूस नाही! एकसुद्धा!"

"कसा असेल? सगळे तीन तास थांबतात."

गास्पारेचा राग दुप्पट झाला.

एक वाजता ओव्हनमधला पास्ता आला. परातीएवढं भांडं, वर वांग्यांचे थर. "मी खाणार नाही!" गास्पारेने वाळूत मूठ आपटली. ओर्नेल्ला त्याच्या कानाशी लागली, "त्या बाई सकाळपासून राबल्यात. माझ्या आईची शोभा करू नकोस. खा." त्याने खाल्लं. वैऱ्याच्या घरी खावं तसं, दात ओठ खाऊन. दोनदा वाढून घेतलं, हे मात्र खरं.

"पावणेदोन," सासूबाईंनी नोंद केली. "म्हणजे पावणेपाच. पण वांगी तळलेली. पाच."

पाच! बस सव्वापाचला. हिशेबाने पंधरा मिनिटं उरत होती. गास्पारे सासूबाईंच्या घड्याळाकडे नजर लावून बसला. उन्हात एकाच बाजूने भाजल्यामुळे तो अर्धा कच्चा दिसत होता.

पाचला पाच मिनिटं असताना वाळूवर सावली पडली. आगातीना! हातात वाटी. "वाइनमधले पीच. दोनच फोडी, बाळा."

आणि गास्पारे फुटला.

"नाही! नाही! नाही! नऊ वर्षं! मी माणूस आहे की कोठार?"

अख्खा किनारा उठून बसला. क्षणात निकाल लागला आणि तो सगळा गास्पारेच्या विरोधात. कुणाचा मामा टरबूज खाऊन गेला होता, कुणाचा मेहुणा नुसत्या कॉफीवर. शेवटी जीवरक्षक त्याच्या उंच खुर्चीवरून उतरला. सरकारी माणूस! शिकलेला, शिट्टीवाला! गास्पारेला आशा वाटली.

"काय खाल्लंय?" जीवरक्षकाने विचारलं.

"ओव्हनमधला पास्ता," किनारा म्हणाला.

"वांगी?"

"तळलेली."

जीवरक्षकाने मान हलवली. "साडेतीन तास."

मग गास्पारे धावलाच! मागे शिट्टी, किंचाळ्या, सासूबाईंचा देवांच्या नावांचा गजर. तो पाण्यात घुसला, बुडाला, वर आला. आहाहा! एक हात, दोन हात, आठ हात पोहला. नऊ वर्षांचा मळ निघाला. वळून किनाऱ्याला काहीतरी सणसणीत ऐकवावं म्हणून त्याने छाती भरून श्वास घेतला.

आणि बेंबीच्या डाव्या बाजूला कोणीतरी पिळा घातला.

"कसं वाटतंय?" किनाऱ्यावरून पन्नासेक जणांनी विचारलं.

"झकास!" गास्पारे ओरडला. पायाखाली वाळू लागत होती म्हणून वाचला. तो वाकून उभा राहिला, शिंपले शोधत असल्यासारखा. जीव गेला तरी पोटावर हात नेणार नव्हता. कंबरेत वाकूनच तो बाहेर आला आणि तसाच बसमध्ये चढला.

"काही झालेलं नाही मला," तो दात आवळून म्हणाला.

"कोण म्हणतंय झालं म्हणून?" सासूबाईंनी पिशवीतून थर्मास काढला. तमालपत्र आणि लिंबाचा काढा. वाफाळता. "पी."

"हा कधी केलात?"

"पहाटे. निघायच्या आधी."

नऊ वर्षांत गास्पारेला एवढा संताप आला नव्हता. त्याने तो काढा रागारागाने, घोटाघोटाने, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

आणि सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी, की दुसऱ्या थांब्यापर्यंत तो लागू पडला.