वीस-वीस चिकू आणि एक अंगठा

शास्त्रीय पद्धतीने काम करणारा माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात एकच आहे, आणि तो कोण हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही. तरी सांगतो. मीच!

माझ्या धाकट्या बहिणीला, योगिताला, बघायला रविवारी तलासरीहून पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे घरचे चिकू ठेवायचे, आणि ते पिकवायचे कसे यावरून सोमवारीच घरात जुंपली. आई म्हणाली, भाताच्या पेंढ्यात. मी म्हणालो, पिकलेल्या केळ्यांसोबत. केळ्यातून एक वायू सुटतो, त्याने फळ झटपट पिकतं. आईच्या मते तसला वायू माझ्या तोंडातूनही बराच सुटतो.

मग मी रीतसर तुलनाच जाहीर केली. दोन सारखी खोकी. एकाच झाडाचे, एकाच दिवशी उतरवलेले, एकसारख्या वजनाचे वीस-वीस चिकू. एकात पेंढा, दुसऱ्यात केळी. दोन्ही खोकी ओटीवर एकाच सावलीत. अन्यायाला जागाच नाही!

आता चिकू पिकला की नाही हे आमच्याकडे अंगठ्याने दाबूनच बघतात. मीही सकाळ-संध्याकाळ चाळीसच्या चाळीस चिकू सारख्याच जोराने दाबायचो आणि वहीत लिहायचो. माझी पाठ वळली की आई केळीवाले दाबायची, शत्रूची प्रगती बघायला. समतोल राखायला मी पेंढ्यातले पुन्हा दाबायचो. शेजारची शुक्रीकाकू मीठ मागायला आली आणि जाता जाता तिने पेंढ्यातले चार दाबले. मी तिला परत बोलावून केळीवालेही चार दाबायला लावले.

"मीठ देतोस का जाऊ?" ती म्हणाली.

रविवारी दोन्ही खोक्यांतले चिकू कापायला घेतले. दोन्हीकडे लगदा, आणि तोही अगदी सारखा! पोरीचं जमायच्या आधीच माझ्यामुळे फिसकटणार! आईने दोन्हीकडचा गर काढला, दुधात घातला आणि मिक्सर फिरवला.

पाहुण्यांनी पेले संपवून वर आणखी मागितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मुलाने, नविनने, चिकू कसे पिकवले ते विचारलं. मी वहीच आणून दिली. त्याने ती पहिल्या पानापासून वाचली.

"सगळं सारखं ठेवलंत ते बरोबर," तो म्हणाला. "पण पेंढा नाही, केळं नाही, नुसतेच चिकू, असं तिसरं खोकं कुठाय? आणि न दाबलेले वेगळे ठेवायला हवे होते ना?"

मला गहिवरून आलं. इतकी वर्षं असा माणूस होता कुठे? आम्ही दोघं तिथेच खाली बसून नव्या प्रयोगाची आखणी करू लागलो. सहा खोकी ठरली. दाबायच्या जोरासाठी स्प्रिंगचा काटा आणायचं नविनने कबूल केलं. मी लगबगीने आत जाऊन सांगितलं, मुलगा लाखात एक आहे, होकार देऊन टाकू.

योगिता पेले विसळत होती. "तुला कसा वाटला?" मी तिला विचारलं. आठवडाभरात तिला काय हवंय हे मी पहिल्यांदाच विचारत होतो.

"मुलगा चांगला आहे, दादा," ती म्हणाली. "पण असला एक या घरात भोगलाय, तेवढा पुरे."