पुलाखालचं कपाट

मोटर लावायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. एवढ्याशा निर्णयाने कुणाचं घर जातं का? आमचं गेलं.

मी जन्माने व्हेनिसचा, पण व्हेनिसभक्त झालो तो टोरांटोत शिकायला गेल्यावर. (इथे राहून हा आजार सहसा होत नाही.) तिकडून मी फोनवर आईला सांगायचो, की शहर पर्यटकांच्या घशात चाललंय, आपण जागचं हलता कामा नये. आई म्हणायची, "न हलायचं सोपं आहे रे, माझे गुडघे तेच करतायत." घराखालच्या भाजीवाल्याच्या जागी मुखवट्यांचं दुकान आलं होतं. टोमॅटो आणायलाही तिला चार पूल चढावे लागत. शेवटी तिने पलीकडे मुख्य जमिनीवर, मेस्त्रेला, लिफ्ट असलेलं घर पाहिलं. मी बायकोला, नोएमीला, घेऊन धावत परत आलो.

आई म्हणाली, "भाषण नको, पलंग आण. शनिवारी बाराच्या आत तुमचा पलंग तुझ्या जुन्या खोलीत दिसला, तर मी मरेपर्यंत इथेच. नाही तर किल्ली एजिदियोला. सामानाची बोट सांगून ठेवलीय मी."

एजिदियो माझा चुलतभाऊ. त्याच्या हाती किल्ली गेली, की घर पर्यटकांना भाड्याने जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

शनिवारी सकाळी आम्ही खाडीकाठच्या वाहनतळावर गाडी लावली आणि ओरेस्तेमामाच्या बोटीत सामान चढवलं. पलंग सुटा करून आणला होता. शिवाय एक कपाट होतं. खाडीत वाट दाखवायला जे ओकचे खांब रोवतात, ते किड्यांनी पोखरल्यावर काढून टाकतात; अशा खांबांचं ते कपाट. खाडीचं लाकूड खाडीतल्या घरात परत नेणार, या कल्पनेने मला गहिवरून आलं होतं. (नोएमीला कपाट पाहून फक्त धाप लागली होती.)

"जड ते खाली," मामा म्हणाला.

"खाली ओल आहे मामा. लाकूड खराब होईल."

म्हणून तळाला पलंगाच्या फळ्या आणि त्यांवर, धक्क्यावरच्या यारीने, ते कपाट उभं करून ठेवलं. मामाने मोटरच्या दोरीला हात घातला आणि मी माझं ऐतिहासिक वाक्य बोललो.

"मोटर नको. मोटरच्या लाटांनी घरांचे पाये खचतात. आपण वल्हवत जाऊ."

"भाचेबुवा, भरती चढतेय. वल्हवत गेलो तर पुलाशी पाणी वर आलेलं असेल."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, मामा."

"भिंतींना तत्त्व कळत असेल. पूल काही वाकायचा नाही."

पण बहिणीचा एकुलता मुलगा, परदेशातून शिकून आलेला. मामाने उभ्याने वल्हं मारायला घेतलं. दुसरं वल्हं माझ्याकडे होतं. मी ते मारत होतो की त्याला लोंबकळत होतो, यावर नोएमीचं आणि माझं अजून एकमत नाही. इतर बोटी मोटर लावून भर्रकन जात होत्या आणि त्यांच्या लाटा आमच्या अंगावर फुटत होत्या.

आमच्या कालव्यात शिरलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. समोर शेवटचा पूल. पुलापलीकडे तिसरं दार आमचं. आईची खिडकीसुद्धा दिसत होती.

"थांब," मामा म्हणाला. "जाणार नाही."

"जाईल," मी म्हणालो आणि सकाळपासूनचा पहिला दमदार हात मारला.

कपाट कमानीत गेलं आणि तिथेच बसलं. पाणी खालून बोटीला उचलत होतं, कमान वरून दाबत होती. खाडीच्या लाकडातून करकर आवाज येऊ लागला.

"पलंग तेवढा काढून हातांनी नेऊ या," नोएमी म्हणाली. "घर समोर तर आहे."

"पलंग कपाटाखाली आहे."

"तिथे कुणी ठेवला?"

मी पुलाकडे पाहिलं. वर पर्यटक जमले होते आणि आमचे फोटो काढत होते. तेवढ्यात बाराच्या घंटा वाजल्या. सगळ्या चर्चच्या. एकाही चर्चचं घड्याळ मागे नव्हतं.

थोड्या वेळाने पलीकडून सामानाची एक बोट आली. शिलाई मशीन, गाद्या, बोचकी आणि मधोमध खुर्चीवर आई.

"आल्विझे, बाजूला हो. वाट अडवलीयस."

"आई, दुपारी ओहोटी लागेल. मग लगेच पलंग..."

"किल्ली दिली रे. एजिदियो दारातच उभा होता."

"थोडं थांबली असतीस तर?"

"तू टोरांटोत होतास तेव्हा मी काय करत होते?"



आईचा बोटवाला म्हणाला, की तुमची बोट सुटायची तर ती पाण्यात आणखी दबली पाहिजे, वजन घाला. मग आईचं सामान एकेक करून आमच्या बोटीत आलं. आधी मशीन, मग गाद्या, शेवटी खुर्ची आणि खुर्चीवर आई. बोट कुरकुरत चार बोटं खाली बसली, कपाट सुटलं, आणि समोरच्या बोटीने आम्हाला ढकलून बाहेर काढलं. आलो त्याच दिशेला.

आईने पदरी पडलेलं सामान एकदा पाहून घेतलं.

"आता सगळं यातच आहे. गाडी कुठे लावलीय?"

"अगदी धक्क्याजवळ, आई," नोएमी म्हणाली. तिच्या आवाजात मला जरा जास्तच उत्साह वाटला. "मागे भरपूर जागा आहे."

मामाने विचारलं, "वल्हं की मोटर?"

मी वल्हं खाली ठेवलं. त्याने मोटर लावली. लाटा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटत होत्या आणि आई म्हणाली, "बघ, पाये शाबूत आहेत. माणसं तेवढी खचली."

आता आम्ही तिघं मेस्त्रेला राहतो. आई लिफ्टने खाली जाऊन टोमॅटो आणते. शहर कसं वाचवावं यावर मी जेवताना बोलतो, आणि ती वाढणं थांबवत नाही.

गेल्या महिन्यात एजिदियोचा फोन आला. "तुमचं ते किडक्या खांबांचं कपाट अडगळीतच आहे ना? पाहुण्यांना असलं फार आवडतं. तुझ्या जुन्या खोलीत बरं दिसेल." आईने लगेच हो म्हटलं. पोचवायला मामा आणि मीच गेलो, मोटर लावून, ओहोटीला. आमच्या घरातलं कुणीतरी शेवटी व्हेनिसमध्ये राहायला चाललं होतं, म्हणून मी कपाटाशेजारी ताठ उभा होतो. कपाट कमानीखालून ओरखडाही न उमटता गेलं.

डोकं माझं आपटलं.