हत्तीवाला जावई

संगणकाला शहाणं कसं करायचं, हे अख्ख्या नगरमध्ये फक्त मलाच कळलं होतं! साल नव्व्याण्णव. दिल्ली गेटजवळ माझा कॉम्प्युटर क्लास. तिथल्या एका मशिनला मी इंटरनेट आपलं आपण वाचायला शिकवलं होतं. ते दिवसभर पानामागून पान वाचायचं आणि जगाची माहिती शिकायचं. मात्र एकच गोष्ट तीन जागी वाचल्याशिवाय विश्वास ठेवायचं नाही. हा नियम आमच्या आईचा! सोयरिकीची चौकशी करताना ती किराणा दुकानात, शेजारी आणि विहारात विचारते. तिन्हीकडे एकच उत्तर आलं, तरच पुढचं बोलते.

प्रज्ञाचं आणि माझं मनातून ठरलेलंच होतं. अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. सोपानमामा पारनेरचे, एसटीत कंडक्टर. माणसाला फाटक्या नोटेसारखं उलटून पालटून बघणारे! ते चौकशीला आले तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "मामा, दारोदार कशाला हिंडता? या मशिनलाच विचारा, चेतन कोण!"

(माझी माहिती मी आधीच तीन वेगवेगळ्या पानांवर टाकून ठेवली होती. लग्नाचा प्रश्न होता हो!)

पडद्यावरचं इंग्रजी मराठीत सांगायला माझा मित्र अमजद बसला.

"चेतन: नगरचा रहिवासी."

"बराबर," मामा म्हणाले.

"म्हणून सुलतान."

"आं?"

"मालमत्ता: हत्ती."

मामांनी खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. "कुठं बांधतोस रं?"

तेव्हा कुठे घोळ माझ्या लक्षात आला. इंटरनेटवर नगरबद्दल तेव्हा होतं काय? किल्ला, सुलतान, हत्ती! मशिनने तेवढंच वाचलं आणि ठरवून टाकलं, जो नगरचा तो सुलतान!

"अमजद, बस कर!"

"अरे, शेवटची ओळ राहिली ना! मृत्यू: सोळावं शतक."

मामा ताडकन उठले. "मेलेल्याला पोरगी देत न्हाई आमी!"

आणि जिना उतरून गेले. प्रज्ञाला आता कोणत्या तोंडाने भेटायचं? खिडकीतून पाहतो तर मामा आधी चहाच्या टपरीवर, मग किराणा दुकानात, मग समोरच्या हमिदाचाचींच्या दारात! बऱ्याच वेळाने जिना वाजला.

"तीन जागी इचारलं," मामा म्हणाले. "तिघंबी येकच म्हनले. पोरगं लई गुनाचं हाय, मशिन तेवढं येडं हाय. आता चहा सांग!"

मला तर मामांच्या गळ्यातच पडावंसं वाटलं.

लग्न झालं. आनंदाच्या भरात मी लग्नाची बातमीही तीन पानांवर टाकली आणि काही दिवसांनी नव्या नवरीला मशिनसमोर आणून बसवलं.

"विचार त्याला, प्रज्ञा कोण?"

मशिन थोडा वेळ घरघरलं. मग उत्तर आलं.

"प्रज्ञा: सुलतानाची विधवा."

तिने शांतपणे वायर उपटली. ती वायर अजून तिच्याच कपाटात आहे. मागायची हिंमत या सुलतानात नाही!